सावकाश मिस्त्रींचं मशीन

पट्टेवाल्यांना सगळे पट्टेवाले म्हणत, पण त्यांनी जन्मात कुठल्या साहेबाला पाण्याचा पेला नेऊन दिला नव्हता. त्यांचा धंदा जुनी सुतारकामाची मशीनं विकत घेऊन ती पुन्हा उभी करण्याचा. करवत, रंधा, गिरमिट, सगळं एकाच बिडाच्या धडावर बसवलेली आणि एकाच मोटरवर चालणारी ती अवजड धुडं. एकेकाळी सुताराकडे असं एक मशीन असलं की त्याला दुसरं काही लागत नसे. आता कुठे मालक जातो, कुठे कारखाना बंद पडतो, आणि मशीन कोपऱ्यात गंजत बसतं. मग पट्टेवाल्यांना निरोप येतो. ते जातात, रूळ हाताने फिरवून बघतात, बेअरिंगला कान लावतात, बीड कुठे तडकलंय का ते बोटांनी चाचपतात आणि तोंड वाकडं करून भाव पाडतात. घरी आणलं की मात्र त्याच मशीनचं असं कौतुक, की विचारू नका. "आमच्या घरात मला दुखलं-खुपलं तर कुणी विचारत नाही, पण मशीन जरा कुरकुरलं की हे तेलाची बाटली घेऊन धावतात," असं त्यांची बायको येईल त्याला ऐकवायची.

नाव पडलं ते एका सवयीमुळे. तरुणपणी ते ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या कारखान्यात एक नियम होता. रंध्याच्या रुळात पाती बसवलेली असतात. ती बदलायची तर बोटं थेट धारेपाशी न्यावी लागतात. तेव्हा पात्यांना हात लावण्याआधी मोटरवरचा पट्टा काढायचा आणि स्वतःच्या गळ्यात घालायचा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, पट्टा कोपऱ्यात ठेवूनही भागणार नाही, गळ्यातच हवा. पट्टा गळ्यात असला की कुणी चुकून मोटर चालू केली तरी रूळ जागचा हलत नाही. उस्तादांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं, त्यामुळे नियम समजावून सांगायची त्यांना फारशी गरज पडत नसे. पुढे बहुतेक चेले तो विसरले. जन्मभर पाळला तो दोघांनीच, एक पट्टेवाल्यांनी आणि दुसरा सावकाश मिस्त्रींनी.

सावकाश हे नाव उस्तादांनीच वैतागून ठेवलेलं. एक चौकट करायला सांगितली की हा गृहस्थ लाकूड उलटसुलट बघणार, हुंगणार, त्याच्याशी मनातल्या मनात गप्पा मारणार, आणि मग कुठे पेन्सिल हातात घेणार. कुणी घाई केली तर म्हणणार, "सावकाश. लाकूड कुठे पळून चाललंय?" त्याच्या चौकटी उशिरा होत, पण एकदा बसवल्या की घर पडलं तरी चौकट उभी राहील अशा होत. पट्टेवाल्यांचा जीव होता त्याच्यावर. शिकून बाहेर पडल्यावर भेटी कमी झाल्या, तरी एकमेकांची खबर असे.

आणि हाच माणूस स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या मशीनवर, पात्यात हात जाऊन मेला. मनगटच कापलं गेलं. कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. बायको जेवायला हाक मारायला आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पट्टा गळ्यात नव्हता, मशीनवरच होता.

वर्ष सरता सरता मिस्त्रींच्या मुलाने पट्टेवाल्यांना बोलावून घेतलं. तो दुसऱ्या शहरात विजेच्या मोटरी दुरुस्त करायचा, आता कारखान्याची जागा रिकामी करायला आला होता. मशीन उचलायला चार हमाल लागले. मुलगा दारात उभा राहिला, त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

"घेऊन जा काका. भंगारात घाला हवं तर. पण पुन्हा उभं करू नका."

"अरे, एवढं चांगलं बीड भंगारात?"

"त्याने माणूस खाल्लाय."

"मशीन माणूस खात नाही रे," पट्टेवाले म्हणाले.

"मग बाबांचीच चूक. प्यायले असतील." एवढं बोलून तो आत गेला.

टेम्पो निघायच्या बेताला मिस्त्रींची बायको बाहेर आली. ती पट्टेवाल्यांना पहिल्यापासून भाऊजी म्हणायची. पार वाळून गेली होती बिचारी. टेम्पोच्या फळीला धरून ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही हे सगळं उघडणार ना? काय चुकलं ते तुम्हाला कळेल. मला येऊन सांगा."

"आता त्याचा काय उपयोग, वहिनी?"

"मला आहे. पोरगा म्हणतो प्यायले होते. मी त्यांचं तोंड पुसलंय भाऊजी, वास नव्हता. मग पट्टा कसा नाही काढला? एवढा सावकाश माणूस, आणि त्याच दिवशी कसली घाई झाली? मला त्यांचा राग येतो. फोटोकडे बघवत नाही. गेलेल्या माणसावर असं रागावून मी किती दिवस काढू?"

पट्टेवाल्यांनी मशीनवरच्या ताडपत्रीची दोरी आवळली. "बघतो," ते म्हणाले. "जे दिसेल ते सांगेन."

शब्द दिला खरा, पण महिनाभर त्यांनी मशीनवरची ताडपत्री काढली नाही. येता-जाता तिच्याकडे बघायचे आणि दुसरं काम काढायचे. शेवटी बायकोनेच फैलावर घेतलं. "त्या माउलीला शब्द दिलात आणि इथे तोंड लपवून बसलात. उघडा एकदाचं."

एका सकाळी त्यांनी ताडपत्री ओढली. आधी सवयीने पट्टा काढायला गेले, तर निघेना. ओढला, पिळला, बोटं सोलवटून घेतली, पण तो जागचा हलला नाही. मोटरही मूळची नव्हती, चांगली दांडगी, नवी होती. गंजाने धरलं असेल म्हणून त्यांनी रॉकेल ओतलं, तरी तेच. मशीनची वायर कुठेच जोडलेली नव्हती. म्हणून त्यांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, रिकाम्या गळ्याने पाती सोडवायला घेतली.

रुळावरचं बिजागरीचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूने पत्र्याला खोल पोचा होता, पान्याच्या तोंडाच्या आकाराचा. पाना नटावर चढवलेला असतानाच रूळ फिरला होता. म्हणजे मिस्त्री लाकूड रंधत नव्हते, पाती बदलत होते. त्यांनी पुढचे नट सोडवले. पलीकडच्या टोकाच्या नटापर्यंत हात पोचेना, म्हणून ते मशीनवर ओणवे झाले, दोन्ही हात रुळात, सगळा भार पुढे. तेवढ्यात मांडीपाशी टक् असा आवाज झाला.

पट्टेवाल्यांनी विंचू चावल्यासारखे हात ओढून घेतले. मशीन थंडच होतं. खाली वाकून बघितलं तर पुढच्या अंगाला स्टार्टरची नवी पेटी बसवलेली, आणि चालू करायचं हिरवं बटण चांगलं बोटभर बाहेर आलेलं. ओणव्या माणसाची मांडी जिथे टेकते, नेमकं तिथे. ते बटण त्यांच्याच मांडीने दाबलं होतं. वायर जोडलेली असती तर त्यांचे हात गेले होते.

ते मटकन लाकडाच्या थप्पीवर बसले. आपले दोन्ही हात ते पुन्हा पुन्हा बघत होते.

मग त्यांनी खालची बाजू नीट तपासली. असल्या मशीनला पट्ट्यावर ताण देणारी एक छोटी चाकी असते, तिला दांडा असतो. दांडा उचलला की पट्टा सैल पडतो आणि एका हाताने निघतो. इथे ती चाकी काढून टाकलेली होती. मोटर जाड पट्टीवर वेल्डिंग करून पक्की बसवलेली, पट्टा तारेसारखा ताणलेला. तो काढायचा तर अर्धं मशीन खोलावं लागलं असतं. वेल्डिंग अगदी सुबक होतं. मोटरीचं काम ज्याला येतं त्यानेच, मन लावून केलेलं. मुलगा काय काम करतो हे आठवलं आणि पट्टेवाल्यांना पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही.

सावकाश मिस्त्री काही विसरले नव्हते. त्यांनी पट्टा काढायचा प्रयत्न केला असणार, दर वेळी केला असणार. निघत नाही म्हटल्यावर मोटर बंद करून काम भागवायला लागले असतील. एवढ्या जपून वागणाऱ्या माणसाला आपल्याच मांडीने मारलं, याचा पट्टेवाल्यांना इतका संताप आला की त्यांनी हातातला पाना भिंतीवर भिरकावला. बायको धावत आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"आता त्या बाईला काय सांगणार?" तिने विचारलं. "नवरा निर्दोष आहे म्हणून सांगाल, तर पोरगा हातचा जाईल तिच्या."

"आणि नाही सांगितलं तर मिस्त्री तिकडे बेवडा ठरतोय."

"तो गेलाय हो," बायको म्हणाली. "पोरगा अजून आहे."

पट्टेवाल्यांनी मशीन उभं करायला घेतलं, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. वेल्डिंग कापून नवी मोटर काढली आणि कोपऱ्यात पोत्याखाली टाकली. गंज घासला, बेअरिंगा बदलल्या, दुसऱ्या एका मोडक्या मशीनची मोटर, चाकी आणि दांडा आणून बसवला. काम निम्म्यावर आलं असेल नसेल, तोच एके दुपारी मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"भंगारात घाला म्हटलं होतं मी."

मुलाची नजर जुन्या जागी परत आलेल्या चाकीवर गेली, मग पोत्याखालून डोकावणाऱ्या मोटरवर. तो उकिडवा बसला आणि खाली बघत म्हणाला, "पहिल्या कमाईतून आणली होती काका ती. जुनी मोटर दमायची, पट्टा घसरायचा, बाबांना सारखं थांबावं लागायचं. म्हटलं, आता तरी म्हाताऱ्याला सुख लागू दे."

"बटण तिथे का बसवलंस?"

"वाकायला लागू नये म्हणून." मग तोच पुढे म्हणाला, "बाबा म्हणाले होते, पट्टा निघत नाही रे. मी म्हटलं, काढायचाय कशाला, बटण आहे ना. हसलोसुद्धा त्यांना." तो उठून दारापाशी गेला. मग विचारलं, "आईला सांगणार?"

पट्टेवाल्यांना त्याची चीड आली होती, आणि कीवही तेवढीच. बापाला दारुडा ठरवून हा पोरगा रोज स्वतःपासून पळत होता. "जा तू," एवढंच ते म्हणाले.

मशीन तयार व्हायला आलं तशी मिस्त्रींची बायको ते बघायला आली. पट्टेवाल्यांनी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ती बसायच्या आधीच त्यांनी ते म्हणून टाकलं. "सगळं उघडून बघितलं, वहिनी. मशीनमध्ये काही दोष नव्हता. विसरलेच असणार. वय झालं होतं, होतं असं."

तिने मान हलवली. मग हळूहळू मशीनभोवती फिरली. नव्या राखाडी रंगावर हात फिरवला, करवतीपाशी थांबली, आणि खाली वाकून सहज, रोजचं काम असावं तसा, तिने दांडा उचलला. पट्टा सैल पडला. एका हाताने तो तिने काढून घेतला.

"हा असा निघायचा," ती म्हणाली. "पूर्वी."

पट्टेवाले पान्यावरचं तेल पुसायला लागले.

"मधे निघेनासा झाला. मला हाक मारायचे, जरा धर गं म्हणून. दोघांनी ओढूनही यायचा नाही. मग हाक मारणंच बंद केलं, मला वाटलं निघायला लागला असेल." पट्टा हातात धरूनच तिने मशीनखाली बघितलं. "पोराने आणलेली मोटर कुठाय?"

त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. ती तिकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी उजळल्यासारखा झाला, नवरा निर्दोष होता म्हणून, आणि मग हळूहळू पार विझला. पट्टेवाल्यांना ते बघवेना.

"त्याला माहीत आहे?"

"आहे, वहिनी."

ती लाकडाच्या थप्पीवर बसली आणि पदराने तोंड दाबून रडली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "भाऊजी, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. तो तुम्हाला विचारायला येईल. सांगा की आईने मानलं. चूक त्यांचीच होती असं मानलं."

"आणि आमचा मिस्त्री? लोक त्याला काय काय बोलतात, वहिनी. तुम्हीच म्हणालात, वास नव्हता."

"त्या पोराने लहानपणी काचा फोडल्या, भांडणं आणली, नापास झाला. दर वेळी हे म्हणायचे, माझ्यावर घाला. हेही घेतील ते अंगावर." तिने पट्टा नीट गुंडाळून पट्टेवाल्यांच्या हातात दिला. "मला आता त्यांचा राग येत नाही. तेवढं पुरे मला."

मुलगा आलाच, दुसऱ्या दिवशी. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "आई काय म्हणाली?"

पट्टेवाले पाती बसवत होते. गळ्यात पट्टा होता. मान वर न करता ते म्हणाले, "म्हणाली, त्यांचीच चूक झाली."

"मी म्हणतच होतो," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, आणि डोळे कोपऱ्यातल्या पोत्यावर होते.

"हो," पट्टेवाले म्हणाले. आपल्या मित्राला आपण दुसऱ्यांदा मारलं असं त्यांना वाटलं. मुलगा गेला. त्यांनी उरलेला नट आवळला, पुन्हा एकदा आवळला, आणि पट्टा गळ्यात तसाच ठेवून बराच वेळ मशीनपाशी उभे राहिले.