दाजींची जीभ आणि करडईचं तेल

आमच्या दाजींच्या तोंडाला जेवढं पाणी सुटायचं, तेवढं त्या काळी सोलापूरच्या नळालासुद्धा येत नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. घरचा बैलाचा घाणा, तेलाचं दुकान, आणि अंगानं असे की टांग्यात पाय ठेवला की घोडा आधी मागं वळून बघायचा. पण त्या सगळ्या देहात त्यांचा जीव होता तो एका जिभेवर. दुष्काळानंतरची ती वर्षं. तेल मिळायचं मुश्किलीनं, आणि मिळालं तरी त्यात काय मिसळलंय ते त्या डब्यालाच ठाऊक. म्हणून आमच्या गल्लीत रीतच पडली होती, की लग्नघरी तेल आलं की कढई चढवायच्या आधी डबा दाजींपुढं फोडायचा. दाजी करंगळीनं एक थेंब जिभेवर ठेवणार, डोळे मिटणार आणि बोटांवर मोजणार. अस्सल करडईचं असेल तर दहा म्हणायच्या आत तोंड पाण्यानं भरलं पाहिजे. भरलं की म्हणायचे "छलो", म्हणजे त्यांच्या कानडीत चांगलं. नाही भरलं तर एक शब्द न बोलता खांद्यावरच्या टॉवेलला जीभ पुसायची. तो टॉवेल तोंडाकडं निघाला की व्यापाऱ्याचा माणूस डबा उचलायलाच लागायचा.

तेल आणि लाळ ह्यांचं त्यांचं एक मोठं शास्त्र होतं, ते त्यांनी कुणाला विचारून बनवलं नव्हतं. करडईनं लाळ पातळ होते, शेंगदाण्याच्या तेलानं दाट, आणि वनस्पती तुपानं तर सुताला लावायच्या खळीसारखी चिकट. जाड माणसानं हे जास्त सांभाळायला पाहिजे, म्हणून पंगतीत कुणी ढेरपोट्या गृहस्थ दिसला की दाजी शेजारी सरकून विचारणार, तोंडाला पाणी कसं सुटतंय तुमच्या? मला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर मी अजून नातवंडांना सांगते. आमचे हे तेव्हा चांगले गुबगुबीत होते. पोहे पुढं यायच्या आधी दाजींनी ह्यांच्या तळहातावर करडईचा थेंब सोडला आणि म्हणाले, चाटा. बिचाऱ्यांना वाटलं, ह्या घरची रीत असेल. चाटला. दाजींनी त्यांच्या तोंडात नीट डोकावून बघितलं आणि आत येऊन माझ्या वडिलांना, आप्पांना सांगितलं, "द्या पोरगी. लाळ पातळ हाय, माणूस तापट निघायचा न्हाय." आजवर निघाले नाहीत, एवढं मी लिहून देते.

मग एका पाडव्याला दाजींना जिना चढताना घेरी आली. डॉक्टरांनी वजन केलं, काटा बिघडला असेल म्हणून परत केलं, आणि सांगितलं, तेल बंद. भाजी उकडून, भाकरी कोरडी. नाहीतर पुढचं मी बोलत नाही, म्हणाले. अक्कानं त्याच दिवशी तेलाची बरणी कपाटात घातली आणि किल्ली कमरेला खोचली. तिकडं घाण्याला तेलाची धार लागलेली आणि इकडं मालक उकडलेली गवार चघळतायत, असं ते चित्र.

पंधरा दिवसांत दाजींची लाळ आटली. जीभ टाळूला चिकटायची, बोलता बोलता शब्द मध्येच अडकायचा. वजन उतरत होतं त्याचं त्यांना काहीच नव्हतं. खोकल्याच्या औषधाचं रेघांचं टोपण घेऊन रोज सकाळी त्यात थुंकून बघायचे, काल दोन रेघा भरल्या, आज दीडच. मी गेले की टोपण मलाही दाखवायचे. "बघ की गं, ही जीभ हाय का चप्पल?" आणि अक्काच्या मागं लागायचे, एक चमचा दे फक्त, एका चमच्यानं पाणी सुटेल. अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "पाणी सुटलं आन् तुमी गेला, तर मी काय करू त्या पाण्याचं?"

त्यातच शेजारच्या विणकरांच्या मुलीचं लग्न आलं. तेलुगु बोलणारी, मागावर राबणारी साधी माणसं. अंगणात सहा डबे, आचारी चूल पेटवून बसलेला, आणि दाजींसाठी पाट. अक्काही सोबत आली होती; गल्लीसाठी म्हणून एवढा एक थेंब तिनं चालू दिला. सगळी गल्ली त्या तेलात तळलेलं खाणार होती. दाजींनी थेंब जिभेवर ठेवला. दहा झाले, वीस झाले. काही नाही. सवयीनं "छलो" म्हणून उठले असते तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी डोळे उघडले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "मला कळंना. माझं तोंड सुकलंय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यांची नजर अक्काच्या कमरेच्या किल्लीवर गेली. अक्काचा हातही किल्लीवर गेला, आणि तिथंच थांबला. जरा वेळानं ती पदर खोचून डब्यापाशी बसली, करंगळी बुडवली, थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. दाजी तिच्यासाठी बोटांवर मोजायला लागले. पंधरा झाले, वीस झाले. अक्कानं डोळे उघडले आणि पदराच्या टोकानं जीभ पुसली.

व्यापाऱ्याचा माणूस हसला. बाईच्या जिभेवर डबे परत न्यायचे का, म्हणाला.

"माझी जीभ हिनं रांधून घडवलीया," दाजी म्हणाले. "उचल डबे."

लग्नाला तेल दाजींच्या घाण्यावरनं गेलं. घरी येताना दाजींनी विचारलं, कवापासनं येतं तुला हे? अक्का म्हणाली, "तुमच्या तोंडाकडंच बघत आले की एवढी वर्सं."

दाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. बारीक झाले, जिना चढायला लागले, पण तेल काही त्यांच्या जिभेला परत लागलं नाही आणि पाणीही पहिल्यासारखं सुटलं नाही. लग्नघरी आता पाट दोन मांडायचे. अक्का डोळे मिटायची, दाजी तिच्या चेहऱ्याकडं बघत मोजायचे. तेल अस्सल असलं की सात-आठवर अक्काचा गळा हलायचा, ती घोट गिळायची. मी शेजारी बसून कितीदा बघितलंय, त्याच क्षणाला दाजीही एक घोट गिळायचे. कोरडाच.