मोटारीवरचं पाणी

जिवतीत मी ज्या घरी भाड्याने राहत होतो, त्या घरच्या बाईने दसऱ्याला पिठाची चक्की आणली. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि कापूस वेचायला दिवसभर वाकणं तिला आता झेपत नव्हतं. चक्की चालली तरच घर चालणार होतं. संक्रांतीच्या सुमारास मोटार जळाली. वॉरंटी वर्षभराची होती.

कंपनीचा मेकॅनिक आला. झाकण काढून त्याने आतला हळदीचा पिवळा डाग दाखवला आणि विचारलं, "बाई, मशीनले आंघोळ घातली काय?" पाणी गेलं की वॉरंटी संपते, असं सांगून तो निघाला.

इकडे सायकल असो की पंप, नव्या वस्तूला हळद-कुंकू लावून, नारळाचं पाणी शिंपडून मगच ती वापरायला काढतात. दसऱ्याला मी तिथेच होतो. आंब्याच्या पानाने तिने चार थेंब शिंपडले. उरलेलं पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर दिलं. त्यानंतर चक्की इतके महिने विनातक्रार चालली होती.

ग्राहक आयोगाकडची तक्रार मी लिहून दिली. सुनावणीला जाताना बसमध्ये तिला सांगितलं, की पाण्याचं विचारलं तर चारच थेंब होते म्हणा. तिने मान हलवली.

कंपनीच्या वकिलाने परवानगी घेऊन एकच प्रश्न विचारला. मोटारीवर पाणी टाकलं होतं का?

"टाकलं ना. साऱ्या नारळाचं टाकलं. मोटारच तं चालते साहेब, तिची पूजा नाई करू तं कोनाची करू?"

चार थेंब म्हणणं म्हणजे परक्या माणसांसमोर पूजेत हात आखडता घेतल्याची कबुली देणं. ते तिच्याकडून होणार नव्हतं. मी पक्षकार नव्हतो आणि साक्षीदारांत माझं नाव नव्हतं. तिचं उत्तर नोंदवलं गेलं.

तक्रार फेटाळल्याचा आदेश पोस्टाने आला. मी तो ओसरीवर वाचून दाखवला. वरच्या आयोगाकडे अपील करता येतं, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पूजाच चुकली माही," ती म्हणाली.

तसं कुठेही लिहिलेलं नाही, असं मी दोनदा सांगितलं. तोवर ती नवऱ्याला कुशीवर वळवायला आत गेली होती.

अपिलाची मुदत संपली तेव्हा ती कोरपन्याकडे कापूस वेचायला जात होती.