उलट्या हाताचं रीडिंग

पहिलेच सांगून टाकते, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. अमरावतीला, एका इंजिनिअरिंग कॉलेजात, सतरा वर्षं झाली. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम त्यावरून गाडी नेणाऱ्यांतली मी आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते ते जेवताना, कारण घरात बोलायला कोणी नाही. त्यामुळे "मॅडम, तुम्ही सुद्धा?" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मीही तेच म्हटलं असतं.

माझे बाबा अकोटला एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. ढिगात ओला कापूस मिसळला असेल तर ढीग आतून तापतो. बाबा तो ताप हातानं ओळखत. तळहातानं नाही, उलट्या हातानं! "तळहाताले घट्टे पडले, त्याले काय समजते? उलटा हात बरोबर सांगते," म्हणायचे. रीत ठरलेली होती. उलटा हात आधी ढिगात, मग तोच स्वतःच्या गालाला, मग पुन्हा ढिगात... आणि दुसऱ्या वेळी जरा जास्त वेळ. गालाशी ताडून बघायचे. मला ताप आला की माझ्या कपाळालाही हेच. आई ओरडायची, "अवो, पोरगी हाय ते, कापसाची गंजी नाई!"

आई गेली, त्यानंतर तीन वर्षांनी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. मी त्यांना साईनगरच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, आणि माझं काम नेमकं त्यातलंच. दुधावरच्या सायीसारखी पातळ, वाकेल तशी वाकणारी रबरी चादर आम्ही बनवत होतो. तिच्यात बारीक सेन्सर असतात. अंगाचा दाब कुठं किती पडतोय, कुठं किती गरम आहे, ते सगळं मोबाईलवर रंगांत दिसतं. तीच चादर मी बाबांच्या पाठीखाली घातली. एका जागी लाल दिसलं की कॉलेजातून सुमनबाईंना फोन करायचा, "कूस बदला." सुमनबाई दिवसभर त्यांच्याजवळ असायच्या. बाबांना एकही जखम झाली नाही, हे मी आजही अभिमानानं सांगते.

पण घरी आल्यावरही मी आधी मोबाईलच बघायची. एके दिवशी बाबा चिडले. जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द स्पष्ट बोलले.

"काहून पाहून राहिली त्या मोबाईलमंदी? मी इथं हावो ना! मले हात लावून पाह्य एकडाव."

"बाबा, हातापेक्षा याच्यात जास्त समजते. एका डिग्रीच्या दहाव्या हिश्श्याचा फरक दाखवते हे."

"असं?" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. मला हसू आलं होतं तेव्हा.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी कॉलेजात मीटिंग होती, दुपारची. मध्येच मोबाईल बघितला. दाब जिथल्या तिथं, उष्णता मात्र हळूहळू उतरत होती. त्या आठवड्यात चादरीचं रीडिंग आपोआपच सरकायचं, आमच्या भाषेत ड्रिफ्ट. मी डायरीत लिहिलं, "ड्रिफ्ट. संध्याकाळी सेटिंग तपासणे." सुमनबाईंना मीच सांगून ठेवलं होतं की दुपारी बाबांना उठवू नका, मी बघते मोबाईलवर. त्या बिचाऱ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या.

पाच वाजता घरी आले, तेव्हा बाबांना हात लावला.

याच्यावर जास्त लिहिणं मला जमणार नाही.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. चादर कॉलेजात जमा केली, पण काम सोडलं नाही. मागच्या दिवाळीनंतर मला चांगलाच ताप भरला, एकशे दोन. दाराला आतून कडी, घरात मी एकटी. पाणी संपलं तरी उठून आणायची ताकद नव्हती. तरी खोड जाते का? कपाळावर लावायची छोटी पट्टी तेव्हा बनवली होती, चार बोटं रुंद, कपाळभर लांब. खराखुरा ताप फुकटात मिळतोय तर रीडिंग घेऊ, म्हणून ती कपाळाला चिकटवली, लॅपटॉप चालू केला आणि पडले. दुपारचे दोन वाजले असतील.

उठले ते साडेचारला. ताप उतरला होता. चहा ठेवला आणि रेकॉर्डिंग बघायला बसले.

तीन वाजून गेल्यावर पट्टीवर बाहेरून दाब पडला होता. चार ठिपके, किंचित बाकदार ओळीत. तीन सेकंद. मग काहीच नाही, चार सेकंद. मग पुन्हा तेच चार ठिपके, या वेळी बराच वेळ. दोन्ही वेळा त्या जागची उष्णता दीड डिग्रीनं खाली आली होती...

उशी म्हणाल, तर उशीचा दाब सगळीकडे सारखा पडतो. पांघरूण म्हणाल, तर त्यानं उष्णता वाढली असती. मी झोपेत माझाच हात ठेवला असेल? तेही करून बघितलं. उलटा हात पट्टीवर टेकवला, तर बोटांच्या सांध्यांचे चार ठिपके उमटले. अगदी तसेच, पण एकमेकांच्या जवळ. रेकॉर्डिंगमधले लांब लांब होते, मोठ्या हाताचे. मग मी उलटा हात कपाळाला लावला, काढून गालाला लावला, पुन्हा कपाळाला. मधला वेळ मोजला. चार सेकंद.

मी ओट्यापाशी उभी राहून रडले. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी रडतच होते. भीती? छे! भीती अजिबात नाही वाटली. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, की मला जाग नाही आली. बाबा, तुम्ही मागितलेलं एवढंसं काम मी केलं नाही, आणि तुम्ही मात्र...

दारं-खिडक्या दोनदा तपासल्या. लॅपटॉप, वायर, पट्टी सगळं ठीक. ती पट्टी त्यानंतर कितीतरी वेळा लावून झोपले, तापात आणि ताप नसतानाही. पुन्हा काही आलं नाही. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, आणि होईल असं वाटतही नाही.

एकदा लॅबमधल्या सहकाऱ्याला ती फाइल दाखवली, कुठली ते न सांगता. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काही नाही मॅडम, ड्रिफ्ट आहे."

मी फाइल बंद केली. मीही एकदा डायरीत तेच लिहिलं होतं.