दिव्यात पाहिलेला गुडघा

कुणी पडदा लावला की पलीकडे काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सत्तरच्या दशकात, सोलापुरात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही तेच.

खो-खो खेळताना पाय पिरगळला आणि गुडघ्यातलं लिगामेंट, हाडांना धरून ठेवणारा दोर, तुटला. पण मला छळत होतं वेगळंच. रांगेत उकिडवं बसल्यावर 'खो' मिळाला की उठताना गुडघा मधेच अडकायचा. परत खेळता येईल का, एवढा एकच घोर मला लागला होता. आई म्हणायची, "मांडी घालून जेवाया बसता आलं तरी लई झालं की!"

कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले होते, पण मी टक्क जागी. छातीपुढे हिरवा पडदा. वरच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत मात्र माझा गुडघा चक्क दिसत होता! घाबरायचं सोडून मी बघतच राहिले. डॉक्टरांनी नवा दोर ओवला. दोन हाडांमधली मऊ गादी एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ती पुढून नीट पाहिली. "गादी ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी टाक्यांची सुई मागितली.

"मग उठताना अडकतं काय?" मी पडद्याआडून विचारलं.

नर्स दचकली. डॉक्टर हसले. "बसतेस कशी तू?"

"चवड्यांवर. हात जमिनीला टेकून, उठायच्या तयारीत."

त्यांनी सुई खाली ठेवली. रांगेत बसवावा तसा माझा पाय पुरता दुमडला आणि बारीक आकड्याने गादी ओढली. ती सरकली. मागून छोटी चीर देऊन पाहिलं, तर चादरीची किनार उसवावी तशी गादी कडेने सुटलेली. तेव्हा अशी गादी बहुधा काढूनच टाकत. आमचे डॉक्टर मात्र ती शिवत बसले. नेमकं तेव्हा दिव्यात मला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं. असा राग आला!

प्लास्टर, मग लंगडणं, मग पुढचा हिवाळा. मी पहिल्यांदा रांगेत बसले तेव्हा डॉक्टर मुद्दाम मैदानावर आले होते. धावतंय कोण, बाद कोण, कशाकडे लक्ष नाही. नजर माझ्या गुडघ्यावर. पाठीला हात लागला. "खो!"

उठले. काही अडकलं नाही. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण पळायचं होतं. खांबाला वळसा घालताना दिसलं, मैदानाच्या कडेला डॉक्टर कडक इस्त्रीच्या पँटीत, हात मातीत टेकून उकिडवे बसत होते आणि उठून बघत होते.