यादीतून खोडलेला जनरेटर

मानवतच्या बाहेर रस्त्याला लागून आमची जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. तिथे मी बावीस वर्षं कारकून होते. कंपनी बुडाली, प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं, आणि कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं पहिल्याच पत्रात सगळ्या यंत्रांची यादी मागितली. यादी पूर्ण आणि खरी असल्याच्या प्रतिज्ञापत्रासह.

मी ती टाइप केली. मालकांनी चष्मा लावून वाचली आणि मोठ्या जनरेटरवर पेनानं रेघ मारली.

"हा तर कंपनीचा आहे," मी म्हणाले.

"कंपनीचा कशाचा, बाई? घरचाच हाय. पोरीच्या लग्नात मांडवात त्योच तर लावला होता."

यावर काय बोलणार, कपाळ? कारखान्याच्या जीपमधून घरचा भाजीपाला यायचा, कारखान्याचे गडी घरच्या शेतात राबायचे. या माणसाच्या डोक्यात कंपनी म्हणून काही वेगळं असतं, हे कधी शिरलंच नाही. जनरेटर तर तोवर ताडकळसला, त्यांच्या मेव्हण्याच्या गोदामात पोचलाही होता. मी नवी यादी टाइप केली. खाली मालकांची सही, आणि नोंदी ठेवणारी म्हणून माझी.

पुढे नुसता वैताग. अधिकारी विचारायचा, जनरेटरचं बिल सापडलं, जनरेटर कुठाय? मालक कळवायचे, विकला. कुणाला? आठवत नाही, आठवून सांगतो. ही सगळी उत्तरं टाइप करायला मीच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमचे मिस्त्री एकूण एक यंत्राला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत. कारखाना बंद पडला तरी त्यांनी किल्ली मागून घेतली आणि पूजा केली. एकच यंत्र राहिलं, म्हणून मोटारसायकलवर नारळ घेऊन थेट ताडकळसला गेले. हार घातलेल्या जनरेटरचा फोटो त्यांनी कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये अधिकाऱ्याचा सहायकही होता. निरोप लवकर पोचावेत म्हणून त्याला मीच घेतलं होतं.

मी मिस्त्रींना फोनवर फैलावर घेतलं. ते म्हणाले, "सगळ्यायला कुकू लावलं, बाई. त्या एकट्यालाच कसं सोडावं?"

त्या फोटोवरून आम्हाला कोर्टात बोलावणं आलं. सुनावणी संगणकावर होती. आम्ही परभणीला वकिलांच्या ऑफिसात बसलो. आत जाताना मालक हळूच म्हणाले, "यादीत टाकायचं इसरले म्हणा. बाईमाणसाला कोर्ट काय करत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षांत मी एक गेटपास विसरले नव्हते.

"विसरले नाही," मी पडद्यावरच्या न्यायाधीशांना सांगितलं. "मी लिहिलं होतं. मालकांनी खोडलं."

शेजारी मालक खाली मान घालून बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"खोडलेलं तुम्हाला माहीत होतं," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "मग यादी पूर्ण आहे म्हणून सही का केलीत?"



"त्यांनी करा म्हटलं," मी म्हणाले, आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली. न्यायाधीशांनी ते वाक्य तसंच्या तसं नोंदवून घ्यायला सांगितलं.