तलावातून काढलेल्या जीपचं इंजिन

माझा मोठा भाऊ तलावाच्या पाळीवरून जीप चालवत येत असताना गेला. हृदय थांबलं आणि जीप उतारावरून सावकाश पाण्यात शिरली. लोक धावले तेव्हा तो छातीभर पाण्यात सीटवर बसलेला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. जीप बैलांनी ओढून काढली आणि घरामागच्या गुरांच्या कोठ्यात लावली. त्यानंतर बरीच वर्षं तिला कोणी हात लावला नाही.

भावाचं गाव चिचगडजवळचं. मी गोंदियाजवळ मुर्रीला राहतो, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात धान घरात आल्यावर वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, त्या जीपचं इंजिन मोकळं करून द्या."

"कायले वहिनी? भंगारात देऊन टाकू."

"दुपारी कोठ्यात कोणी सेल्फ मारून राहिलं. रोजचंच झालं. इंजिन काही उचलत नाई." मग ती म्हणाली, "तुमचे भाऊ अडकून राहिले त्यात."

जीपची बॅटरी मी स्वतःच तेव्हाच काढून नेली होती. सेल्फ-स्टार्टर वाजणार कशाने? पण वहिनी उगाच बोलणारी बाई नाही. मी हत्यारं घेऊन गेलो.

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. चारही पिस्टन जाम. तिघांवर नेहमीसारखा कोरडा, तांबडा गंज होता. चौथ्यावर मात्र राखाडी गाळ होता, ओला. बोटाला लागला तेव्हा शेवाळाचा वास आला, आताच पाण्यातून काढल्यासारखा. इतक्या वर्षांत तो सुकला कसा नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तिथे वहिनी उभी होती, म्हणून मी तो पटकन फडक्याने पुसून घेतला.

डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून चारही सिलेंडरमध्ये ओतलं. हे घाईचं काम नाही. तेल गंजात मुरू द्यायचं, मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे, पुन्हा तेल, पुन्हा वाट. जोर केला तर पिस्टन फुटतो. मी तिथेच मुक्काम केला. सकाळ-संध्याकाळ ठोकत होतो. काही हलत नव्हतं.

एका दुपारी मी आणि वहिनी ओसरीवर जेवत होतो. घरात तिसरं कोणी नव्हतं, अंगणाच्या फाटकाला आतून कडी होती. कोठ्यातून आवाज आला. माणूस खूप वेळ रोखलेला श्वास सोडतो, तसा. मग चाकाखाली पेंढा दबल्याची करकर.

वहिनीचा हात ताटातच राहिला. "ऐकलं ना?"

ऐकलं होतं. आम्ही दोघंही तसेच उठलो.

जीप हातभर पुढे सरकली होती. ती अजून गिअरमध्येच होती, भावाने शेवटचा टाकलेला गिअर. पिस्टन जाम होते तोवर चाकंही अडकून होती; म्हणजे आता पिस्टन सुटले, आणि कोठ्याच्या उतारावर गाडी आपसूक सरकली. यात विचित्र काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण चाकाला मी दगड लावला होता. मोठा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. तो आता भिंतीला टेकून ठेवलेला होता.

"हा तुमी हलवला?" मी विचारलं.

"मी तर तुमच्यासंग जेवून राहिली होती."

पुढचं काम मी भराभर उरकलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, हेड बसवलं, बॅटरी आणली. इंजिन सुरू झालं तेव्हा कोठा निळ्या धुराने भरून गेला. वहिनी येऊन मागच्या सीटवर बसली.

"पुढे बसा ना," मी म्हटलं.

"नाई. चला तुमी."

पाळीवर त्या जागी तिने थांबायला सांगितलं. खाली उतरून ती पाण्याकडे गेली आणि पाठमोरी बराच वेळ बोलत राहिली. इंजिनच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायचं टाळलं. ती परत येऊन मागेच बसली.

त्यानंतर तो सेल्फचा आवाज बंद झाला. मला वाटलं, चांगलं झालं. पण पोळ्याच्या सुमारास मी गेलो तेव्हा वहिनी सुकलेली दिसली. चहा देताना म्हणाली, "घर लय चूप झालं, भाऊजी."

मी कप घेतला. मग तिने विचारलं, "गाडी उभीच ठेवली तर पिस्टन पुन्हा जाम होतात का?"

"दमट हवेत होतात. अधूनमधून सुरू करत जा."

तिने मान हलवली. निघताना मी कोठ्यात डोकावलो. जीपचं बोनेट उघडं होतं. चारही सिलेंडरचे प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवलेले होते, आणि शेजारी पाण्याचा गडवा होता. आत ओलसर, शेवाळी वास भरला होता.

मी प्लग परत बसवले नाहीत. दार लोटून घेतलं आणि गोंदियाची बस पकडली.