घरून चालवत आणलेली गाडी

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी, राजस्थानच्या वाळवंटातल्या बाइक मेळाव्यात मला आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावचा एक पन्नाशीचा गृहस्थ दिसला. शंभर सीसीची गाडी, दुधाचे कॅन अडकवायचे आकडे तसेच, सीटवर न विकलेल्या घरच्या कापसाची गादी. मिरवणुकीच्या रांगेत आमच्या यवतमाळच्या क्लबच्या अध्यक्षांनी त्याला अडवलं.

"काका, दूध मागच्या फाटकानं."

त्यानं हेल्मेट काढलं, रुमालानं आधी टाकी पुसली, मग तोंड.

"भाऊ, मी घरून चालवत आणली. तुमच्यावाल्या कशा आल्या?"

आमच्या गाड्या ट्रकमधून आल्या होत्या. अध्यक्ष हातमोजे नीट करू लागले. मी माझी गाडी मागे घेऊन त्याला जागा दिली. पुढचा तासभर त्याचा धूर खाताना मला आपल्या जिल्ह्याचा अभिमान वाटला. असं माझं सहसा होत नाही.